शटरचं माप

वरठी स्टेशनवरून शटर बैलगाडीत आलं, तेव्हा सुखराम गोदामाच्या ओसरीवर आधीच येऊन बसला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. पण ज्याच्या नावानं सारं आंधळगाव तीन वर्षं बोटं मोडत होतं, त्यानं नाही यायचं तर कोणी यायचं?

विणकर सोसायटीचं हे सुताचं गोदाम. शहात्तर साली, ऐन दिवाळीच्या तोंडावर, आतलं सगळं सूत भरदुपारी जळालं आणि चाळीस घरचे माग बंद पडले. रखवालदार होता सुखराम. अर्धी ओढलेली बिडी चुरडायची आणि ओसरीवरच्या दाराच्या चौकटीतल्या फटीत खोचून ठेवायची, ही त्याची सवय. त्या दुपारीही खोचली होती. ती पुरती विझली होती का, हे त्याला आजही आठवत नव्हतं. सभेत विचारलं तेव्हा त्यानं मान खाली घातली. तेवढं पुरलं. नोकरी गेली. बिडी त्यानं स्वतःच सोडली. लोकांनी त्याला सोडलं.

एकट्या सेक्रेटरी सेवकरामजींनी मात्र पाठ फिरवली नाही. दर महिन्याला तांदळाची पिशवी सुखरामच्या घरी पोचायची. पोरीच्या लग्नात लुगडं आलं. "देवमाणूस हाये," असं त्याची बायको रुखमा शेजारणींना सांगायची. सेवकरामजींनी आगीचा धसका असा घेतला की गोदामाला लागूनच्या ऑफिसातला चहाचा स्टोव्हही काढून टाकला. चहा आता नाक्यावरून यायचा. आगीचं शटर बसवायचंच, हा हेकाही त्यांचाच. नागपूरला पत्र, दाराचं माप, सगळं त्यांनी एकट्यानं केलं. टेपचं दुसरं टोकसुद्धा कोणाला धरू दिलं नाही.

आणि शटर बसलं की सुखरामला पुन्हा रखवालीवर घ्यायचं, हेही त्यांनीच कमिटीपुढे मांडलं होतं. कमिटी म्हणाली, आधी शटर तर पाहू.

म्हणून आज सगळी कमिटी गोळा झाली होती. नागपूरहून आलेला फिटर लक्ष्मणराव समजावून सांगत होता.

"हे वर गुंडाळून राहते. ही बारकी कडी त्याले धरून ठेवते. आगीनं कडी वितळली का शटर धाडकन खाली. आग तिकडच्या तिकडं."

"कडी कोनत्या बाजूनं लावता?" कमिटीतल्या नत्थूनं विचारलं.

"आग येते त्या बाजूनं. म्हणून तर आमी कागद भरून घेतो. कागद खोटा भरला, तर शटर असून नसल्यासारखं."

नत्थूनं सुखरामकडे पाहिलं. "मंग काय, बिडीच्या बाजूनं लावा." दोघेतिघे हसले.

सुखराम उठला. चौकटीवर हात ठेवून म्हणाला, "होय जी, इथंच लावा. माह्याच दाराले लावा." पुन्हा या दाराशी उभं राहायला मिळावं, एवढंच त्याला आयुष्याकडून हवं होतं.

सेवकरामजी उपरण्यानं घाम पुसत होते. "लक्ष्मणराव, तो कागद माह्याकडं द्या. तो इथं आनाचं कायले काम होतं?" सकाळपासून हे तिसऱ्यांदा.

"काम झाल्यावर जी. त्याच्यावर तुमची सही लागते."

"मंग लोकांले घरी जाऊ द्या, मी सांगतो कुठं बसवाचं ते."

"काहून?" नत्थू म्हणाला. "आमी पाहून राहिलो ना."

चौघांनी शटर उचलून ओसरीच्या दाराला लावलं. दीड हात कमी भरलं. पुन्हा लावलं. तेवढंच.

"घ्या!" नत्थू उसळला. "सेक्रेटरीले माप घेता येत नाई. आता कायचं शटर अन् कायची रखवाली!"

सुखरामला वाटलं, गेलं, सगळं गेलं. तरीही त्यानं हात जोडले, स्वतःसाठी नव्हे. "सेवकरामजीले बोल लावू नका जी. घाईत चुकलं असन. मानसाकडून चूक होते. माह्याकडून नाई झाली?"

सेवकरामजी त्याच्याकडे पाहू शकले नाहीत.

लक्ष्मणरावला मात्र राग आला. चूक कंपनीच्या माथी बसायला नको होती. "चुकलं कसं? हे पाहा, सेक्रेटरीच्याच अक्षरात हाये." त्यानं खिशातून कागद काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचू लागला.

"दार कोणतं: ऑफिसातून गोदामात उघडणारं, लहान. कडी कोणत्या बाजूला: ऑफिसाच्या. आधी आग लागली होती का: होय. कशाने लागली..." अक्षर बारीक होतं. त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. "...माझ्या चहाच्या स्टोव्हने."