भरपगारी सुट्टी

“उद्या यायचं नाही,” साहेबांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून फर्मान काढलं.

ताईंच्या हातातली सुरी भाजीवरच थांबली. “माझं काही चुकलं का, काका?”

“तुमचं काही चुकलं नाही. कायदा बदललाय. घरकाम करणाऱ्यांनाही आता दर रविवारी सुट्टी, भरपगारी. उद्या या घरात कामासाठी पाऊल टाकायचं नाही.”

साहेब म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. बायको गेल्यापासून घरात ते एकटे, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत ताई. जन्मभर दुसऱ्यांच्या हाताखाली काढून म्हातारपणी ते एका माणसाचे का होईना, मालक झाले होते. तेव्हा कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, असा त्यांचा बाणा. कामाचे तास ठरले, तेव्हापासून वेळ संपली की ते ताईंच्या हातातला झाडू काढून घेत. आजारपणाची रजा लागू झाली, तेव्हा नुसत्या शिंकेवर त्यांनी ताईंना घरी पिटाळलं. कामगार कचेरीतला कारकून तर फोनवर त्यांचा आवाज ऐकताच म्हणे, “बोला साहेब, आज कुठलं कलम?”

रविवार उजाडला. कायदा पाळल्याचं समाधान दूध उतू जाईपर्यंत टिकलं. मग घर खायला उठलं. साहेबांनी पेपर पुन्हा वाचला, झाडांना नको तितकं पाणी घातलं. दुपारी त्यांना चक्क कायदा करणाऱ्यांचा राग आला. “सुट्टी हवीय का, हे कुणी विचारलं होतं का?” त्यांनी बायकोच्या फोटोला विचारलं.

इतक्यात बेल वाजली. दारात ताई, ठेवणीतले कपडे घालून.

साहेबांचा चेहरा खुलला आणि लगेच कडक झाला. “ताई, हे बेकायदा आहे! मला गोत्यात आणाल!”

“मी कामाला कुठं आलेय? पाहुणी आलेय. आत या म्हणा, चहा टाका.”

कायद्यात पाहुण्यांबद्दल काही आहे का, ते साहेबांना आठवेना. मग त्यांनी जन्मात पहिल्यांदा चहा टाकला. ताईंनी तो तोंड वाकडं न करता संपवला आणि टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडला.

हा डाव रोज दुपारचाच. ताईंना खेळ शिकवला साहेबांनीच, आणि आजवर ते एकदाही हरले नव्हते. “डोकं अजून शाबूत आहे,” असं ते फोनवर मुलीला ऐटीत सांगत.

आज मात्र बघता बघता त्यांचा वजीर गेला. पाठोपाठ हत्ती. साहेब खुर्चीत पुढं सरकले, त्यांनी चष्मा पुसला. मात झाली. हट्टानं त्यांनी पुन्हा डाव मांडला. पुन्हा मात.

“असं कसं?” साहेब पटाकडे बघतच राहिले. “रोज तर तुम्ही हरता!”

ताई मोहरे नव्यानं लावत म्हणाल्या, “रोज मी कामावर असते, काका.”