वळसंगची बकरी

“गिऱ्हाईक घालवायला लोकांना तोंड वापरावं लागतं. आमच्या सुनंला तेबी लागत न्हाय,” पाण्याच्या पिंपाला टेकून पान कुटता कुटता सोजरबाई पुटपुटली. ऐकू जाईल एवढं मोठ्यानं, आणि पुटपुटणंच वाटेल एवढं हळू.

मथुराबाईनं ऐकलं आणि सोडून दिलं. ती मोटारसायकलीच्या मागच्या चाकापाशी उकिडवी बसली होती. अक्कलकोट रस्त्यावरच्या ह्या पत्र्याच्या दुकानात तिनं नवऱ्याच्या, कुंडलिकच्या, हाताखाली सात वर्षं पंक्चरं काढली होती आणि त्याच्या माघारी दोन वर्षं एकटीनं. काडीपेटीतली एक काडी घेऊन तिनं ती टायरच्या खाचेत गुलाच्या बाजूनं उभी धरली. गूल बुडलं तर टायर अजून चालण्यासारखं. इथं गूल सगळंच्या सगळं बाहेर राहिलं. चाक फिरवून तिनं आणखी तीन ठिकाणी बघितलं. मधोमध तर खाच उरलीच नव्हती, धुतलेल्या ताटासारखं गुळगुळीत.

“टायर गेलंय,” ती म्हणाली. “नवं टाका.”

“नवंच टाकायचं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो, वैनी?” सिद्धलिंगप्पा हसला. तो मैंदर्गीचा, कापडाचे गठ्ठे घेऊन गावोगावचे बाजार करणारा. ही राजदूत गाडी विजापूरहून घेतलेली, तिकडच्या नंबरची. इकडचा नंबर मिळायचा तर उद्या सकाळी अकराला तपासणीच्या साहेबांपुढं उभी करायची होती. “खाचा पाडून द्या की. कुंडलिकभाऊंनी माझ्या साडूला दिल्या होत्या तशा. साहेबानं बोट फिरवून बघितलं, त्यालाबी कळलं न्हाय. लई कसबी हात.”

सोजरबाईचा खलबत्ता थांबला. लेकाचं नाव निघालं की ती पदर सारखा करून बसायची, कुणी फोटो काढणार असल्यासारखी.

हात कसबी होता, खरंच. मोडक्या छत्रीची पन्हळीसारखी काडी कुंडलिक स्टोव्हवर लाल करायचा आणि झिजलेल्या रबरातून ओढायचा. रबराची वेटोळी निघत, नक्षी नव्यासारखी उठे, वरून बुटाचं पॉलिश. पातळ झालेलं रबर आणखी पातळ होई, पण ते आतलं. दिसत नसे. स्वतःच्या गाडीलाही त्यानं तशाच पाडल्या होत्या.

वळसंगाजवळ तो पडला तेव्हा थोरल्या दिरानं घरी येऊन सांगितलं, बकरी आडवी आली. मग सगळेच तसं सांगू लागले. मथुराबाईनं रस्त्यावरून उचललेला फाटक्या टायरचा तुकडा पिंपामागं पोत्याखाली दडपला आणि तीही तसंच सांगू लागली. म्हातारीचा लेक गेला होता. त्याच्या कसबाचं कौतुक तरी तिच्यापाशी राहू दे. तेव्हापासून म्हातारी चहात बकरीचं दूध घेत नव्हती, आणि दुकानासमोरून बकरी गेली की दगड उचलायची.

“मी खाचा पाडत न्हाय,” मथुराबाई म्हणाली.

“येत न्हाईत म्हणा.”

“येतात. पाडत न्हाय.”

“परवा बायकोला माहेराहून आणायचंय. पोरगं तीन महिन्याचं हाय. नंबर न्हाय मिळाला तर कशावर आणू?”

“एष्टीनं आणा.”

“ह्या महिन्यातलं चौथं,” सोजरबाई खलबत्त्याला म्हणाली.

सिद्धलिंगप्पाचं हसू गेलं. “नाक्यावरचा पाडून देतो. तितं जातो. आन् बाजारात सांगतो, कुंडलिकच्या दुकानात आता नुसती पाटी राहिलीय.” त्यानं हँडल धरलं.

मथुराबाई वाकली. मागच्या चाकाच्या वॉल्व्हची पिन तिनं फिरवून काढली. हवा सूं करत गेली, चाक जमिनीला बसलं. पिन तिनं पदराच्या टोकाला बांधली आणि दातानं गाठ आवळली.

“आता न्या,” ती म्हणाली. “ढकलत.”

पलीकडच्या चहाच्या टपरीवरची माणसं बशा हातात धरून बघू लागली. सिद्धलिंगप्पाच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या.

“बाईमाणूस म्हणून गप बसलोय. अव्वा, तुमी तरी सांगा की सुनंला. न्हाईतर हिनं कारण सांगावं. एक कारण सांगा वैनी, मी आपणहून नवं टायर टाकतो.”

कारण तिच्या ओठांवर होतं. पण खलबत्ता पुन्हा थांबला होता आणि म्हातारी टक लावून तिच्याकडंच बघत होती. मथुराबाईनं गाठ मुठीत घेतली. गाडीपुढून हलली नाही.

सोजरबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. पिंपामागं गेली, जराही न चाचपडता पोतं उचललं, आणि तो तुकडा आणून राजदूतच्या सीटवर ठेवला. नक्षी अजून नव्यासारखी होती. मधल्या खाचेतून तो उभाच्या उभा फाटला होता.

“माझ्या कुंडलिकच्या हातचं हाय,” ती म्हणाली. “कसब बघून घे.”

सिद्धलिंगप्पानं हात पुढं केला, पण लावला नाही. ऊन अंगावर आलं तरी म्हातारी रोज पिंपालाच का टेकून बसते, ते मथुराबाईला दोन वर्षांनी कळलं.

“बकरी आडवी आली न्हवती, बाबा,” सोजरबाई म्हणाली. “त्या मुक्या जिवाला उगं दगडं मारली म्या.”