पेटीला वारा

"मीटरचा आकडा पुन्हा खाली! गॅस वाढव," बाबा खुर्चीतूनच ओरडले.

भट्टीत स्प्रिंगा होत्या. लेकीने दातओठ खात व्हॉल्व्ह फिरवला. आच जास्त झाली की स्प्रिंगा मऊ पडतात, आणि दुपारचा माल सारखा परत येत होता. सकाळचा चांगला निघायचा. त्याचं श्रेय बाबा नशिबाला देत.

तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? भट्टीत तापमान मोजणारं नवं थर्मोकपल घातलं. त्याची वायर मोटारीच्या केबलपासून लांब नेली. मीटर बाहेर तपासून आणलं. तिथे ते अगदी शहाण्यासारखं वागलं. दोन जाणकार आले, माना हलवून गेले.

"तुला नाही जमत गं हे. उद्यापासून जावईबापू बघतील भट्टी."

जावईबापू! घरातला फ्यूज गेला तरी तिचा नवरा तिलाच हाक मारायचा.

तिचं डोकं फिरलं. बाबा रोज दुपारी यायचे, मीटरची पेटी उघडायचे आणि "यंत्राला उकडतं" म्हणत आत टेबलफॅनचा वारा सोडायचे. आज त्या घरघरीचाही तिला वीट आला. तिने पंख्याची पिन उपटली आणि पेटीचं दार धाडकन लावलं.

थोड्या वेळाने आकडा चढू लागला. गॅसला कुणी हात लावला नव्हता. बारा अंश वर जाऊन तो थांबला. तिने बंद पंख्याकडे पाहिलं.

"बाबा, मीटर बेरीज करतं. थर्मोकपलचं भट्टीतलं टोक पेटीतल्या टोकापेक्षा किती जास्त तापलंय ते, आणि पेटी स्वतः किती गरम आहे ते. तुमच्या वाऱ्याने पेटीतला सेन्सर गार पडतो, पण तारांची टोकं गरमच राहतात. बेरीज कमी येते. भट्टी ठीकच होती. आपणच उगाच गॅस वाढवत होतो."

बाबांनी दार उघडून पंखा स्वतः लावून पाहिला. आकडा घसरला. बंद केला, चढला. पुन्हा लावला. पुन्हा घसरला.

"जावईबापूंना नको म्हणून सांगतो," ते पुटपुटले.

"सांगा. आणि आता रोज यायची काही गरज नाही," तिचा राग अजून उतरला नव्हता. "मी बघते सगळं."

बाबांनी चपला घातल्या. दारापर्यंत गेले आणि तिथेच घुटमळले.

"मग दुपारी मी कुठे जाऊ गं?"