घरामागचे वाफे

तिच्या वडिलांची शेती दोन प्रकारची होती. ओढ्यापलीकडच्या मोठ्या शेतात नुसते टोमॅटो, सगळे बाजारासाठी. तिथे पोत्यातलं खत आणि दर आठवड्याला फवारणी. घरामागच्या वाफ्यांत मात्र थोडं थोडं सगळंच असायचं, शेणखतावर वाढलेलं, औषधाचा थेंबही न लागलेलं. ते घरच्यांनी खायचं. लहानपणी एकदा तिने मोठ्या शेतातला टोमॅटो तोडून तोंडात घातला, तेव्हा वडिलांनी धावत येऊन बोट घालून तो बाहेर काढला होता. "वेडे, हे लोकांसाठी आहे! आपलं घरामागे."

लग्न होऊन ती शहरात गेली. सातवा महिना लागला तेव्हा चार दिवस माहेरी आली आणि निघताना जरा संकोचत म्हणाली, "बाबा, थोडे टोमॅटो न्यायचे होते. तिकडे बाजारातलं खायची आता भीती वाटते."

"अगं, मागतेस काय परक्यासारखी? पोतंभर ने!"

वडील लगबगीने गेले आणि खरंच खांद्यावर पोतं घेऊन आले. तिने पोतं उघडून पाहिलं. सगळे टोमॅटो एकसारखे, लालभडक. कीड कुठे औषधालाही नाही.

"सासूबाईंना सांगते, बघा, आमच्या घरचे आहेत."

वडिलांनी पोत्याचं तोंड बांधलं. गाठ मारून झाल्यावरही ते खालीच बघत होते.

"लगेच खाऊ नकोस हां, पोरी. परवाच फवारलंय."