बोलकी कपार

“आज बोलू नको,” जना कपारीच्या तोंडाशी वाकून म्हणाली. “एक जण आलाय.”

“आज बुधवारी?” आतून कमळ्याचा आवाज आला. “भाकर आनलीय का त्यानं?”

“वही आनलीय.”

आत पेंढा सळसळला आणि थांबला. जना पाणी अजमावण्याचं निमित्त करून आली होती. ती घाईने काठाकडे परतली.

वीजघराचं पाणी पाताळगंगेत पडू लागल्यापासून नदी उन्हाळ्यातही आटत नव्हती. पूर्वी चैत्रात कोरड्या पायांनी जाता येई ती खडकाळ टेकडी आता बारमाही बेट झाली होती. रविवारी मुंबईच्या गिरण्या बंद असत. वीज कमी लागे, पाणी उतरे, आणि हौशी लोक खोपोलीच्या गाडीने येत. जना त्यांना नदीच्या उथळ उताराने बेटावर नेई. आधी वाजणारा धोंडा, मग गार वारा सोडणारं बीळ आणि शेवटी बोलकी कपार. कपारीपुढे काही खायचं ठेवायचं, एक प्रश्न विचारायचा आणि मागे न बघता निघायचं. हा रिवाज जनानेच पाडला होता.

कपारीत तिचा नवरा राहत होता. रगतपितीने हात बधिर झाले, घसा बसला आणि बोटं झडू लागली तेव्हा वाडीने त्याला बाहेर काढलं. त्याच महिन्यात शेजारच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याला सरकारी माणसं मुंबईला महारोग्यांच्या इस्पितळात घेऊन गेली. तो परत आला नाही. कमळ्याला तीन वर्षं जनाशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र पुष्कळांनी ऐकला होता. मागच्या रविवारी एका शेटाणीने विचारलं, मला मुलगा होईल का? कपार म्हणाली, “आदी लाडू ठेव.” जनाला खोकल्याचं सोंग करावं लागलं होतं.

पाहुणा काठावर उभाच होता. तिशीचा असेल. अंगात कोट, हातात काठी.

“बूट काढा, शेट. भिजतील.”

“भिजू देत. खोल आहे का? मला पोहता येत नाही.”

“आज मांडीभर हाय. माज्या मागनं या.”

तो बुटांसकट पाण्यात उतरला. हौशी माणूस आधी बूट गळ्यात अडकवतो, हे जनाला ठाऊक होतं. सरकारी माणूस अडकवत नाही.

वाजणाऱ्या धोंड्यावर तिने गोटा मारला. घंटेसारखा नाद झाला. पाहुण्याने तो नीट ऐकलाही नाही.

“रविवार सोडून इथे कोण येतं?”

“कोन नाय.”

“गुराखी?”

“पानी बगून गुरं उतरत नाय.”

त्याने वहीत काहीतरी लिहिलं. बिळापाशी तो सावलीला बसला, सिगारेट पेटवली आणि समोरच्या खडकाकडे बघत राहिला.

“पावसात पाणी कुठवर चढतं?”

जनाने खडकावरची काळी रेघ दाखवली.

“म्हणजे कपार कोरडी राहते.”

“कपारीचं कोनी सांगितलं तुमाला?”

“आमच्या कचेरीतल्या एकाने. त्याची बायको लाडू ठेवून गेली होती. ती म्हणते देव बोलला. तो म्हणतो, आवाज माणसाचा होता. घसा बसलेल्या माणसाचा.”

जनाची नजर त्याच्या हातावर गेली. सिगारेट जळत जळत बोटांना टेकली होती.

“शेट, बोट!”

त्याने खाली पाहिलं आणि थोटूक सावकाश टाकून दिलं.

“लक्ष नव्हतं,” तो म्हणाला.

कपारीपुढे त्याने काहीच ठेवलं नाही. काठीने तोंडाची रुंदी मोजली. मग वाकून आत विचारलं, “आत किती लांब आहे?”

जना पुढे सरकली.

“बुधवारी देव झोपतो,” जना म्हणाली.

तो हसला नाही. “पेंढा ताजा आहे. जेवण तू आणतेस का, बाई?”

“कुनाला? आत घोरपडी राहत्यात.”

“घोरपडी लाडू खात नाहीत.” त्याने वही मिटून खिशात टाकली. “बघायचं ते बघून झालं.”

जना पुढे चालू लागली. ती उताराकडे वळली नाही. करवंदीच्या जाळीतून तिने त्याला बेटाच्या मागच्या अंगाला नेलं. तिथे पाणी हिरवं आणि संथ होतं. त्या डोहात एकावर एक दोन पुरुष उभे केले तरी वरच्याचं डोकं दिसलं नसतं. पलीकडे माणूसवस्ती नव्हती. कमळ्याला गाडीत घालताना कोण कोण हात लावील, हे ती तीन वर्षं मनात बघत आली होती. आज त्यातल्या एकाचा चेहरा तिला दिसला होता.

“हितनं जवळ पडतं, शेट,” ती म्हणाली. “गुडघाभरच हाय. तुमी म्होरं व्हा.”

तो काठावर आला. पाण्याकडे बराच वेळ बघत राहिला. ती त्याच्या मागे एका हाताच्या अंतरावर उभी होती.

“ही जागा खोल दिसते,” तो वळून न बघता म्हणाला. “बरं झालं. माझा भाऊ शोधत येईल. त्याला हीच दाखव. इथे बुडाला म्हणून सांग.”

मग तो काठावरून मागे सरला आणि कपारीच्या वाटेला लागला.

“उद्यापासून दोघांचं जेवण आण.”