सगुणाकाकीचा डबा

शेवटचा वडा तिनं उभ्यानंच खाल्ला.

ताटात घेतला नाही. ताटात घेतलं की ते जेवण, उभ्यानं खाल्लं की नुसतं तोंडात टाकलं, असं रेणुकाचं स्वतःशीच ठरलेलं होतं. डब्याच्या तळाशी कोंबडीच्या सागोतीचा रस्सा उरला होता. तोही ती प्यायली. मग हात धुऊन ओट्याला टेकून उभी राहिली. पोट टम्म, आणि अंगात जीव नाही. आज रविवार. गुरुवारी मुंबईत तपासणी.

उद्यापासून नीट.

पुन्हा.

तीन महिने ती अशीच नव्यानं सुरुवात करत होती. धाकट्या भावाचं, महेंद्रचं, लिव्हर कामातून गेलं होतं. रक्तगट जुळला तो एकट्या रेणुकाचा. तिच्या लिव्हरचा तुकडा काढून त्याला बसवायचा होता. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि म्हणाले, "तुमच्या लिव्हरला चरबी आहे. वजन उतरवा, मग बघू." तोवर मुंबईच्या खोलीत एकट्यानं काय राहायचं, म्हणून महेंद्र तिच्याकडे रत्नागिरीत आला. भावाचा जीव बहिणीच्या जेवणावर टांगलेला.

पुन्हा.

पहाटे भाट्याच्या पुलापर्यंत चालणं. काकडी, उकडलेलं अंडं, अर्धी भाकरी. चार दिवस बरे जायचे. मग एखाद्या संध्याकाळी शाळेच्या ऑफिसातून दमून यावं, तर ओट्यावर डबा.

"सगुणाकाकीनं पाठवलाय," ओटीवरून महेंद्र सांगायचा. स्वतः पिवळ्या डोळ्यांनी बिनमिठाची पेज पीत.

सगुणाकाकीची मागच्या आळीत खाणावळ. शेजारणीनं मायेनं पाठवलेलं परत कसं करायचं? कधी तळलेले बांगडे. कधी नारळाच्या रसात बुडालेल्या खापरोळ्या. एक खाऊ म्हणता म्हणता डबा रिकामा व्हायचा, आणि पुढचे दोन दिवस, आता मोडलंच आहे तर, म्हणून जे दिसेल ते.

पुन्हा.

नवरा, अभय, नुसता तिच्या ताटाकडे बघायचा. राजापूरची मथुराआत्या मात्र फोनवर बोलली. "भावाहून जीभ मोठी झाली काय गो तुझी?"

रेणुकानं फोन ठेवला आणि वाटीभर शेंगदाणे खाल्ले.

एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. डॉक्टरांनी समजावताना तिच्या बरगडीखालून बोट फिरवलं होतं. इथून इथपर्यंत कापावं लागेल. तेव्हापासून डबा उघडला की तिला आधी हायसं वाटायचं. लाज नंतर वाटायची, हात धुताना.

पुन्हा.

या वेळी तिनं डबा घासला. रिकामं भांडं परत देऊ नये, म्हणून परसातल्या दोन काकड्या त्यात घातल्या. उन्हं कलल्यावर ती मागच्या आळीत गेली.

"काकी, हात जोडते. आता काही पाठवू नका."

सगुणाकाकी कांदे चिरत होती. तिनं मान वर केली. "मी कधी गो पाठवलं?"

"आजचे वडे?"

"तुझ्या भावानं सांगितले. दर वेळी तोच येतो. ताईला अमुक आवडतं, तमुक करा. आज तर तळताना इथं स्टुलावर बसून होता. तेलाच्या वासानं दोनदा ओकला. म्हटलं, घरी जा रे बाबा, देते पाठवून. तर नाही. हातात डबा घेऊनच उठला." काकीनं डबा उघडला, काकड्या बघितल्या. "तुला ठाऊक नव्हतं?"

रेणुका परत निघाली. घर चार पावलांवर होतं. ती वाटेत दोनदा थांबली.

महेंद्र ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. सुजलेले पाय पुढे पसरलेले. तिच्या रिकाम्या हातांकडे बघून त्याला कळलं.

"का रे?" तिनं विचारलं.

तो अंगणाकडे बघत म्हणाला,

"डॉक्टरनं तुझ्या पोटावर बोट फिरवलं ना ताई, तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो."

"मी 'नाही' म्हटलं का?"

"तेच तर. तुझ्या तोंडून 'नाही' निघालंच नसतं. आणि निघालं असतं तर आत्यानं जन्मभर भित्री म्हणून हिणवलं असतं. त्यापेक्षा खादाड म्हटलेलं बरं. चरबी काय, नाही उतरत कुणाकुणाची. कुणी मनावर घेत नाही." तो हसायला गेला, ते त्याला जमलं नाही. "तुझ्या दीक्षाची दहावी आहे. तिला आई लागेल. गुरुवारी डॉक्टर नाही म्हणतील, मी मुंबईच्या खोलीवर परत जाईन. संपलं."

रेणुका खांबाला धरून उभी राहिली. तिला ओरडायचं होतं. रडायचं होतं. दोन्हीला त्राण नव्हतं. पोटात अजून वडे होते.

ती आत गेली. कोपऱ्यात महेंद्रच्या चपला होत्या, मागच्या आळीची धूळ लागलेल्या. तिनं त्या पदरानं पुसल्या, बाहेर आणल्या आणि त्याच्या पायांपाशी ठेवल्या.

"हे काय?"

"पुलाकडे जायचंय. पहाटेचं चालणं राहिलंय आजचं."

"अगं, मला पुलापर्यंत कुठलं झेपतंय?"

"झेपेल तिथवर ये." ती खाली वाकली आणि त्याचा सुजलेला पाय चपलेत सरकवू लागली. "भीती वाटते ना मला. एकटी कशी जाऊ?"