चांगूबुवांची काळी चार

महाडच्या बाजारपेठेतल्या त्या दुकानात चांगूबुवा स्पीकरच्या खोक्यांकडे बघत उभे होते. मुलगी बघायला यावं, पण नकार घरूनच ठरवून यावा, तसे.

"भजनाला मशीन कशाला रे?" त्यांनी सहदेवला विचारलं. "माझा आवाज वाडीवरनं ओढ्यापलीकडं जातो."

"जातो की," सहदेव म्हणाला. तो मंडळाचा पेटीवाला, आणि बुवांचा लंगोटीयार. "पण बाहेरगावी मांडव मोठे असतात. मंडळानं ठरवलंय, आता तू मोडता घालू नको."

"आवाज मोठा करायला मशीन मिळंल. सूर मिळत नाय. ज्या दिवशी मला काळी चार लागणार नाय, त्या दिवशी टाळ खाली ठेवीन. सांगून ठेवतो."

हे सांगणं वाडीतल्या पोराबाळांनाही पाठ होतं. काळी चार म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. तिथला सूर उंच, शिवथरच्या खोऱ्यातले तरणे गाणारेही तिथं जायला कचरतात. बुवांची सत्तरी उलटली तरी त्यांनी ती सोडली नव्हती. गजर सुरू करण्याआधी ते दर वेळी विचारत, "पट्टी तीच ना रे?" आणि सहदेव न कंटाळता म्हणे, "तीच. बोट बघ." बुवा वाकून बघत. बोट चौथ्या काळीवर असे. मग डोळे मिटून ते असे गात की मागच्या रांगेत पेंगणारेही सावरून बसत.

सहदेव वायर आणायला शेजारच्या दुकानात गेला. दुकानदार शुभम स्वतः बेंजो पार्टीत वाजवणारा, त्यामुळे गिऱ्हाइकापेक्षा त्यालाच हौस जास्त. त्याने दोन खोकी पुढे ओढली. एक मोठं, एका माइकचं. दुसरं लहान, दोन माइकचं.

"गाऊनच बघा बुवा. सूर देतो." विकायला ठेवलेली एक पेटी त्याने उघडली.

"काळी चार दे."

शुभमने पट्टी दाबली. बुवांनी हात कानाला लावला आणि गजर उचलला. पहिली ओळ कशीबशी निघाली, वर जायच्या जागेला आवाज फाटला. आणि स्पीकर इमानदार, त्याने तो फाटलेला आवाज दुकानभर पसरला. बुवांनी पाणी मागितलं. पुन्हा उचलला. पुन्हा तिथंच फाटला.

"ही पेटी चढी हाय," बुवा म्हणाले.

"नवी आहे बुवा, सुरात आहे." मग म्हाताऱ्या माणसाला अवघडायला नको म्हणून शुभमने बोट गुपचूप खाली आणलं. तिसऱ्या काळीवर थोडं बरं वाटलं. दुसऱ्या काळीवर आवाज बसला, पायात आपलीच चप्पल यावी तसा. एकादशीला देवळात लागायचा तोच हा सूर. बुवांना तो अंधारातही ओळखता आला असता.

ते शुभमच्या बोटाकडे बघत राहिले.

"पट्टी सरकते अशी पेटी असते ना रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"असते की. बोट नेहमीच्याच पट्टीवर ठेवायचं, सूर मात्र खालचा येतो. गाणाऱ्याचा गळा थकला की बरी पडते."

बुवांना आपलं गेल्या थंडीतलं आजारपण आठवलं. ते उठून भजनाला आले, तेव्हा सहदेवची जुनी पेटी जाऊन नवी आली होती. जुनीचा भाता उंदरांनी कुरतडला म्हणाला होता. आणि पखवाज? तो तर पेटीला जुळवावा लागतो. म्हणजे पखवाजवाल्या रामाला ठाऊक. मागं कोरस धरणाऱ्यांना ठाऊक. अख्खं मंडळ त्यांना कळू न देता त्यांच्याबरोबर पायरी पायरीने खाली उतरलं होतं.

आधी बुवांना राग आला. चांगला सणसणीत आला. टाळ खाली ठेवायचा तर आजच, इथंच. मग त्यांना सहदेवचं ते "बोट बघ" आठवलं, इतक्या वेळा, एकदाही न चुकता म्हटलेलं, आणि राग तिथंच निवला.

"काय, लागली काय काळी चार?" सहदेव वायरचं वेटोळं घेऊन आत आला. शुभमचं बोट अजून दुसऱ्या काळीवरच होतं. सहदेवने ते पाहिलं आणि तो आहे तिथंच थांबला.

"लागली," बुवा म्हणाले. "नेहमीसारखी."

शुभम काही बोलणार, तोच बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे लहान खोकं बांध. दोन माइकचं."

"मोठ्याचा आवाज जास्त आहे, बुवा. दुसरा माइक कोणाला लागणार तुम्हाला?"

"पेटीला."

सहदेव मान खाली घालून आधीच गुंडाळलेली वायर पुन्हा गुंडाळू लागला. "पेटीला माइक कशाला? ऐकू येते की ती."

"मला आज पहिल्यांदा ऐकू आली," बुवा म्हणाले. मग जवळ जाऊन त्यांनी नेहमीच्याच आवाजात विचारलं, "उद्याच्या भजनाला पट्टी तीच ना रे?"

"तीच," सहदेव कसाबसा म्हणाला. 'बोट बघ' म्हणायचं मात्र राहून गेलं. ते बोट बुवांनी मुठीत धरलं होतं.